‘सेलम्स लॉट’ (१९७९) घरी बघताय? आधी मिनिटं मोजा, मग डिस्क लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाकडे ‘सेलम्स लॉट’ या १९७९ च्या अमेरिकन भुताच्या मिनीसिरीजच्या दोन कॉप्या आल्यात, एक जुनी व्हीएचएस टेप ११२ मिनिटांची आणि एक डिस्क १८४ मिनिटांची. त्यांना विचारायचंय की एवढा तास-सव्वातासाचा फरक कुठून आला, चित्र चौकोनी का दिसतं, रिमोटवरनं झूम मारला तर चालेल का, अंधारात आणि धुक्यात चित्राचे चौकोन पडतात तो दोष डिस्कचा की टीव्हीचा, एका बैठकीत संपवावी का, आणि सगळ्यात शेवटी, बारा वर्षांच्या मुलीला सोबत बसवावं का.

मी एकोणीस वर्षं हेच काम करतोय, फिल्म स्कॅन करणं, ग्रेडिंग म्हणजे चित्राचे रंग-उजेड जुळवणं, आणि मग डिस्कचं ऑथरिंग म्हणजे मेनू, चॅप्टर, कुठे काय जोडायचं ते सगळं. जुन्या टीव्हीची भुतंखेतं बरीच गेलीत हाताखालून. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहिलं मिनिटांचं. ही सिरीज सीबीएस या अमेरिकन टीव्ही नेटवर्कने १७ आणि २४ नोव्हेंबर १९७९ ला दाखवली, दोन शनिवार, दोन भाग. दिग्दर्शक टोबी हूपर, गोष्ट स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीची. जाहिराती काढल्या की उरतात ती साधारण १८४ मिनिटं, म्हणजे तुमची डिस्क पूर्ण आहे. मग परदेशातल्या थिएटरसाठी त्यातूनच कापून ११२ मिनिटांचा एक सिनेमा केला आणि पुढे अमेरिकेतसुद्धा व्हिडिओ टेपवर आधी तोच छोटा प्रकार फिरला, त्यामुळे कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं सिरीज म्हणून तेच बघितलं आणि वर म्हणत बसले की काय घाईघाईत उरकलीय. उरकली नव्हती हो, कापली होती.

आता कापताना गेलं काय? भूत फारसं गेलं नाही. गाव गेलं. मोठ्या आवृत्तीत पहिला तासभर जवळजवळ काहीच होत नाही असं वाटतं. बेन मिअर्स नावाचा लेखक (डेव्हिड सोल) लहानपणीच्या गावात परत येतो, टेकडीवरच्या मार्स्टन हाऊसकडे बघत बसतो, एवा मिलरच्या लॉजमध्ये खोली घेतो. एक प्रॉपर्टी एजंट दुसऱ्याच्या बायकोच्या भानगडीत आहे, तिचा नवरा ट्रकवाला आहे, गावात एक बेवडा आहे, पोरं शाळेच्या नाटकाची तालीम करतायत. आणि या सगळ्यात स्ट्रेकर (जेम्स मेसन) हा गृहस्थ कडक सूट घालून अँटिक फर्निचरचं दुकान टाकतो, इतका सभ्य की बघूनच कसंतरी होतं. हे सगळं का लागतं, तर पुढे जी माणसं रात्री दारा-खिडक्यांशी येणार आहेत ती तुमच्या ओळखीची असायला लागतात. छोट्या आवृत्तीत अनोळखी माणसं येतात आणि मरतात, बघणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

एक गोष्ट मात्र छोट्या आवृत्तीत जास्त टोकाची आहे. तो ट्रकवाला कली सॉयर बायकोच्या यारावर बंदूक रोखतो तो सीन दोन प्रकारे शूट केलाय. टीव्हीसाठी नळी चेहऱ्यासमोर धरलेली आहे आणि थिएटरसाठी ती सरळ तोंडात. तेव्हाच्या अमेरिकन नेटवर्कला तोंडात नळी चालण्यासारखी नव्हती. तुमच्याकडे दोन्ही कॉप्या आहेत तर हा एक सीन लागोपाठ लावून बघा, मजा येते. टेप एवढ्यासाठी ठेवून द्या, बघायची डिस्कच.

आणि हो, ऑनलाइन शोधताना नावावर जाऊ नका, २००४ ला याच नावाची दुसरी मिनीसिरीज आली आणि २०२४ ला सिनेमा आला. वर्ष बघून घ्या.

अजून एक मिनिटांचा घोळ असतो. कुणाच्या युरोपियन पाल (PAL, तिकडची टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर १७६-१७७ मिनिटं लिहिलेली दिसतात आणि मग लगेच बोंब, की सात मिनिटं कापली. काही कापलेलं नसतं. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने शूट होते, पाल टीव्ही २५ ने चालतो, आणि फिल्म व्हिडिओवर उतरवताना पूर्वी सरळ सगळं चार टक्के पळवून टाकायचे. १८४ चे १७६-७७ होतात ते असे. आवाजाची पट्टीसुद्धा पाऊण सेमिटोनच्या (अर्ध्या सुराच्या पाऊणपट) आसपास वर जाते, जेम्स मेसनचा तो मखमली आवाज किंचित बारीक लागतो, हजारातल्या एकाला कळतं पण ज्याला कळतं त्याचं डोकं उठतं. (मी त्यातला आहे, घरचे वैतागतात.)

आता माझं खरं म्हणणं. लोक मला नेहमी पिक्चर क्वालिटी विचारतात, पण भुताच्या मिनीसिरीजचं घरच्या कॉपीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते क्वालिटीमुळे नाही, मधले थांबे गेल्यामुळे होतं. ही लिहिलीच थांब्यांसाठी असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी जाहिरात येणार हे लेखकाला माहीत असतं, त्यामुळे प्रत्येक तुकडा कुठेतरी अडकवून सोडलेला असतो, दाराची कडी हलली, कुणीतरी मागे वळून बघितलं, चित्र काळं. मग जाहिरात. त्या दोन-तीन मिनिटांत बघणारा पाणी प्यायला उठायचा आणि घरातला पॅसेज तेवढाच अंधारा असायचा. भीती तिथे तयार व्हायची, पडद्यावर नाही. डिस्कवर काय होतं, काळं झालं, एक सेकंद, की लगेच सकाळ, पक्षी ओरडतायत, गाडी चाललीय. सीन पडल्यासारखा वाटतो आणि आपण म्हणतो जुनं आहे, चालायचंच.

आणि सेलम्स लॉटला तर मध्ये आख्खा आठवडा होता. अर्ध्या गोष्टीवर आठवडाभर झोपायचं, विचार करा.

हेच ‘इट’चं, तीही किंगचीच गोष्ट. १९९० ची टिम करीवाली मिनीसिरीज, एबीसी नेटवर्कने १८ आणि २० नोव्हेंबरला दाखवलेली, रविवार आणि मंगळवार, मधला सोमवार त्यांच्याकडे फुटबॉलचा असायचा. २००२ च्या डीव्हीडीवर दोन भाग एकच सिनेमा असल्यासारखे जोडले, पहिल्या भागाची शेवटची नामावली उडवली. पण गंमत म्हणजे ती डिस्क दोन्ही बाजूंनी छापलेली होती, अर्ध्यात उठून उलटी करून लावायला लागायची, म्हणजे ज्यांनी थांबा काढला त्यांनीच नकळत तो परत आणून बसवला. लोकांनी त्या उलटापालटीला शिव्या घातल्या, मला तोच भाग आवडायचा.

आमच्या कामात हे थांबे अजून एका कारणासाठी मोलाचे. ड्युअल लेयर डीव्हीडीत लेझर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअर क्षणभर अडखळतो, पूर्वीचे प्लेअर तर चांगलेच अडखळायचे. हा लेयर ब्रेक कुठे टाकायचा ते ऑथरिंगवाला ठरवतो. टीव्ही सिरीज असेल तर आपण जाहिरातीआधी चित्र काळं होतं तो क्षण शोधतो आणि तिथे लपवतो, कुणाला पत्ता लागत नाही. ज्याने काम अंगावरचं काढलंय तो भर संवादात टाकतो. मी एकदा असा बघितलाय की बाई किंचाळायला तोंड उघडते आणि अर्धा सेकंद चित्र गोठतं, मग किंचाळी. खरं सांगू का, दिग्दर्शकालाही सुचलं नसतं इतकं भारी झालं होतं ते, पण चूक ती चूकच.

चौकोनी चित्राचं उत्तर सोपं आहे, झूम मारू नका. १९७९ चा टीव्ही ४ बाय ३ होता, फ्रेम त्यासाठी लावलीय. रुंद टीव्हीवर भरायला गेलात की चित्राच्या उंचीतला बरोबर पाव हिस्सा कापला जातो. मार्स्टन हाऊसचंच घ्या. कॅलिफोर्नियातल्या फर्नडेल गावाच्या टेकडीवर त्यांनी घराचा नुसता दर्शनी भाग उभा केला होता, आतलं घर स्टुडिओत. सगळी दहशत ते घर वर आहे आणि गाव खाली आहे यात आहे. झूम मारलात की एकतर आकाश जातं नाहीतर टेकडी जाते, आणि घर आपलं शेजारच्या सोसायटीसारखं समोर येऊन उभं राहतं. ‘इट’च्या त्याच २००२ च्या डीव्हीडीवर कंपनीनेच असं वरून-खालून कापून रुंद करून दिलं होतं, २०१६ ला ब्लू-रे आली तेव्हा परत चौकोनी केलं. आजूबाजूच्या काळ्या पट्ट्यांचा त्रास होत असेल तर खोलीतला लाइट घालवा, पट्टे दिसायचे बंद होतात. नाहीतरी ही लाइट लावून बघायची गोष्ट नाहीच.

आता धुकं. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण इथे डिस्कचा आणि भुताचा थेट संबंध येतो.

डॅनी ग्लिक नावाचा पोरगा मेलाय आणि रात्री मित्राच्या खिडकीबाहेर येतो, हा तो सीन ज्यासाठी लोक ही सिरीज चाळीस-पंचेचाळीस वर्षं लक्षात ठेवून आहेत. बाहेर धुकं दाटलंय, त्यातून पोरगा तरंगत काचेजवळ येतो, हसतोय, आणि नखाने काच खरवडतो. आत मार्क पेट्री, त्याच्या खोलीत राक्षसांचे मुखवटे आणि मॉडेलं भरलेली. आता बघा हूपरने काय केलंय. पोराला तारांवर लटकवलेलं नाही, कारण तारेवरचा माणूस लोंबकळल्यासारखाच हलतो, कितीही करा. त्याला क्रेनच्या दांडीच्या टोकाला बसवला, आणि शॉट उलटा चालवला. म्हणजे आपल्याला जे पुढे येताना दिसतं ते शूट करताना मागे जात होतं. त्यामुळे धुकं त्याच्या अंगावरून वाहत नाही, त्याच्याकडे ओढलं जातं. पहिल्यांदा बघताना हे कळत नाही, फक्त काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. डोळ्यांत लेन्स आहेत त्या चमकतात तो भाग वेगळा, पण खरं काम ते उलटं धुकं करतं.

आणि नेमकं धुकं हेच डिस्कच्या मुळावर येतं. व्हिडिओ दाबताना एन्कोडर काय करतो, मागच्या फ्रेममधलं जे तसंच आहे ते परत साठवत नाही, फक्त बदल साठवतो. भिंत असेल तर फुकटात जाते. धुकं प्रत्येक फ्रेमला सगळीकडे बदलतं, वर फिल्मचे दाणे, वर अंधार, म्हणजे फुकट काहीच नाही. गणित करून बघा. १८४ मिनिटं म्हणजे ११,०४० सेकंद. सिंगल लेयर डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३.४ मेगाबिट आणि त्यातच आवाज आणि मेनूसुद्धा. ड्युअल लेयर ८.५ जीबी, सहाच्या आसपास. ५० जीबीची ब्लू-रे असेल तर छत्तीसपर्यंत जागा आहे. सिंगल लेयरवर पूर्ण सिरीज कोंबली असेल तर त्या खिडकीच्या धुक्याचे चौकोन पडणारच, टीव्ही बदलून काही होणार नाही. मी कुठलीही कॉपी तपासताना सरळ त्या सीनवर जातो, तिथे धुकं धुकं राहिलं असेल तर बाकीचं ठीकच असतं. स्ट्रीमिंगवर तर नेट कमी झालं की सगळ्यात आधी असलेच सीन मार खातात.

टीव्हीचा दोष असतो तो वेगळा, तो म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. ते बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवतं आणि मग क्रेनवरचा पोरगा क्रेनवरचा पोरगाच दिसतो. नॉइज रिडक्शनही बंद. शार्पनेस खाली आणा. ब्राइटनेस वाढवून ‘अंधारात काय आहे’ बघायला जाऊ नका, अंधारात काही नाहीये, तोच तर मुद्दा आहे.

नॉइज रिडक्शनवरनं आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी जुन्या भुताच्या सिरीजचं काम करत होतो, नाव सांगत नाही. वरून ऑर्डर आली की कचरा साफ करा, गिऱ्हाइकाला स्वच्छ पाहिजे. कचरा ओळखणारं सॉफ्टवेअर काय बघतं, एखादी गोष्ट आधीच्या फ्रेमला नाही, पुढच्याला नाही, फक्त एकाच फ्रेमला आहे, म्हणजे धूळ. रात्रभर चालवलं, सकाळी एकदम चकचकीत. दोन दिवसांनी मी सहज जुनी टेप शेजारी लावून बघतोय तर लांब पॅसेजच्या टोकाला एका फ्रेमपुरता एक पांढुरका चेहरा होता, दिग्दर्शकाने मुद्दाम टाकलेला, आणि आमच्या कॉपीत पॅसेज रिकामा. सॉफ्टवेअरने भूत पुसून टाकलं होतं! परत आणलं, पण त्यासाठी ऑपरेटरने आणि मी मिळून तो सगळा भाग फ्रेमगणिक हाताने तपासला आणि तारीख चुकली म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून ‘रिस्टोअर्ड’ हा शब्द कव्हरवर मोठ्या अक्षरात दिसला की मला आधी शंका येते.

काही सिरीज तर साफ करणं म्हणजे बिघडवणंच. लार्स फॉन ट्रिअरची ‘रीगेट’, १९९४ ची, कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलात भुतं, ती १६ मिलिमीटरवर शूट करून व्हिडिओवर वगैरे फिरवून मुद्दामच अशी दाणेदार, पिवळट-तपकिरी केलीय. ती बघून कुणी म्हणालं प्रिंट खराब आहे तर त्याला काय सांगणार.

सेलम्स लॉटची गोष्ट मात्र तशी नाही, ती ३५ मिलिमीटरवर नीट शूट केलेली आहे, चांगल्या स्कॅनमध्ये खुलते. एकच अडचण, बार्लो, म्हणजे यातला मुख्य व्हँपायर, स्ट्रेकरचा मालक. रेजी नाल्डर या नटाला टक्कल, निळसर चेहरा, उंदरासारखे पुढचे दात लावून बसवलाय. कादंबरीत हा व्हँपायर चांगला बोलका आहे, पण निर्माता रिचर्ड कोब्रिट्झने ठरवलं की इथे एक शब्द बोलायचा नाही, बोलायचं काम सगळं स्ट्रेकरचं. अर्धी सिरीज उलटून गेल्यावर तो पहिल्यांदा दिसतो, तोही जेलच्या कोठडीत, काही सेकंद. टेपवर तो चेहरा भुरकट असायचा, ब्लू-रेवर मेकअप मेकअप म्हणून दिसतो. ग्रेडिंग करताना मोह होतो की जरा काळोखात ढकलू या. मी ढकलला नसता. एकदा दिसायचाय ना, मग दिसू दे.

आवाजाचं पटकन. मूळ मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर, मोनोच ऐका. पाच-सहा स्पीकर असतील तरी ॲम्प्लिफायरची ती सगळीकडून आवाज काढणारी मोडं लावू नका, नखांची खरखर काचेतून यायला पाहिजे, सोफ्याच्या मागून नाही.

मग बघायची कशी. दोन रात्री करा. डिस्कवर भाग सलग जोडलेले असतील तर दीड तासाच्या आसपास जिथे चित्र पूर्ण काळं होतं तिथे बंद करा, पुढचा सीन सुरू झाला तरी मागे या आणि बंद करा. आठवडा थांबता आलं तर उत्तमच, पण नाही थांबणार तुम्ही, मीही नसतो थांबलो. आणि पहिल्या रात्री मधे कुठेतरी चित्र काळं झालं की एकदा पॉज करून उठा, पाणी पिऊन या, पॅसेजचा लाइट न लावता.

मुलीचं. रक्त फार नाही, नेटवर्कच्या नियमांमुळे बरंचसं कॅमेऱ्याबाहेर राहिलंय, शिव्याही नाहीत म्हटलं तरी चालेल. ती बंदुकीची भानगड थोडी मोठ्यांची आहे, ती तुम्हाला समजावायला लागेल किंवा लागणार नाही, हल्लीची पोरं हुशार आहेत. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची, की यात मरतात ती मुलं, आणि मित्राच्या आवाजात बोलवायला येतात तीही मुलंच. मोठा माणूस बार्लोला घाबरतो, बारा वर्षांचं पोर डॅनी ग्लिकला घाबरतं. माझ्या भाचीला मी तेरा वर्षांची असताना दाखवली होती, बहिणीला न विचारता. बघताना हसत होती, हा मेकअप आहे, ती लेन्स आहे, मामा हे उलटं शूट केलंय ना, सगळं बरोबर ओळखलं. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला की हिने एकटीनेच पलंग ओढून भिंतीकडे नेलाय, आणि खिडकीत कपाट का हवंय ते काही सांगत नाहीये.